मागच्या खुर्चीवरचा हात

बाईंनी अडतीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवला. त्या अडतीस वर्षांत किती मुलांचा हात धरून त्यांनी अक्षरं गिरवून घेतली, ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. मुलाच्या मागे उभं राहायचं, वाकायचं, त्याच्या मुठीवर आपली मूठ अलगद ठेवायची आणि पेन्सिल चालवायची. हात धरायचा तो असा, की मुलाला वाटावं आपणच लिहितोय. मुलं घरी जाऊन तसंच सांगायची, "मी लिहिलं." बाईंना त्यात खोटं काही वाटत नसे. आज 'मी लिहिलं' म्हणणारं पोर चार महिन्यांनी खरंच लिहायला लागतं, हा त्यांचा अनुभव होता, आणि अनुभव एखाददुसऱ्याचा नव्हे, वर्गांच्या वर्गांचा होता.

निवृत्त झाल्यावर त्या धाकट्या भावाकडे राहायला आल्या. भाऊ सुतार. खाली त्याची कामाची जागा, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. भावजय फुलं साठवण्याच्या शीतगृहात कामाला होती. दिवसभर थंडीत उभं राहून फुलांच्या जुड्या बांधायच्या, आणि घरी आली की अर्धा तास तिची बोटं धड सरळ होत नसत. त्यांची एकुलती एक मुलगी दहा वर्षांची होती. भिंतीच्या कडेकडेने, एका रेषेत, कुठेही न वळता चालायची म्हणून बापाने तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव पडलं. खरं नाव कागदपत्रांपुरतं उरलं.

मुंगी बोलत नसे. तीन वर्षांची असताना डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलं होतं. आठवड्यातून तीनदा ती एका केंद्रात जायची. तिथली थेरपिस्ट तिशीची, बारीक चणीची, हळू आवाजात बोलणारी. दोन वर्षांत मुंगी तिच्याकडे टेबलाशी बसायला शिकली, बूट घालायला शिकली, आणि शिट्टीचा आवाज झाला तरी कान न झाकता तिथे थांबायला शिकली. थेरपिस्ट प्रत्येक गोष्टीचे बारीक बारीक तुकडे करायची, आणि एकेक तुकडा कितव्या वेळी जमला ते कागदावर मांडून ठेवायची. बाई एकदा सोबत गेल्या, तासभर बसल्या आणि घरी येऊन म्हणाल्या की बूट घालायला एक वर्ष लागत असेल, तर अक्षरओळख व्हायला या पोरीचे केस पांढरे होतील.

मग शाळेतल्या एका जुन्या सहकारी शिक्षिकेने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात न बोलणाऱ्या एका मुलाचं मनगट त्याच्या आईने धरलं होतं, आणि तो मुलगा समोरच्या पाटीवरची अक्षरं बोटाने दाखवत वाक्यांमागून वाक्यं सांगत होता. बाईंनी तो तीनदा पाहिला. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन भावाकडून प्लायवूडचा एक तुकडा घासून घेतला, त्यावर चौकोन आखले आणि सुंदर अक्षरं रंगवली. काना, मात्रा, वेलांट्या खालच्या ओळीत. मुंगीला शेजारी बसवलं आणि तिचं मनगट धरलं.

तीन दिवस बोट नुसतं भटकलं. चौथ्या दिवशी 'पाणी' असा शब्द झाला. बाईंनी पेला पुढे केला, मुंगी प्यायली. पेला पुढे केला की मुंगी नेहमीच प्यायची, तहान असो वा नसो. पण हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

महिन्याभरात वाक्यं यायला लागली. घराचं वातावरण बदललं. भाऊ दुपारी काम टाकून वर यायचा आणि दाराला टेकून बघत राहायचा. एका संध्याकाळी पाटीवर आलं, 'आई, तुझे हात गार असतात तरी मला आवडतात.' भावजय ओट्याशी भांडी घासत होती. बाईंनी वाक्य वाचून दाखवलं, आणि ती तशीच उभी राहिली. नळ वाहत राहिला. त्या दिवसापासून तिने एक वही केली. रोज मुंगी जे सांगेल ते तारीख घालून लिहून ठेवायची. कामावरून येताना जिना चढतानाच विचारायची, आज काय म्हणाली.

भाऊ एकदा जेवताना म्हणाला की आपल्या घराण्यात एवढं बोलणारं माणूस कधी झालं नाही, ही पोर गेली कुणावर? भावजय हसून म्हणाली, "आत्यावर." सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या.

बाईंनी पाटी केंद्रात नेऊन दाखवली. आपल्या वर्गातला पहिला नंबर मिरवावा तशी नेली. थेरपिस्टने दहा मिनिटं पाहिलं, मग विचारलं, की बोट अक्षरावर टेकतं तेव्हा मुंगी कुठे बघत असते? बाईंनी कधी पाहिलंच नव्हतं. मुंगी छताच्या पंख्याकडे बघत होती. ती डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते, असं बाईंनी सांगितलं. थेरपिस्टने मान हलवली, आणि आवाज न चढवता समजावलं की ही पद्धत अनेक ठिकाणी, अनेक वेळा तपासून झाली आहे. हात धरणाऱ्याला उत्तर माहीत नसलं, की मुलाकडून उत्तर येत नाही, असंच दर वेळी दिसलं आहे. आपणही एकदा तपासून बघू, अर्ध्या तासाचं काम आहे.

बाईंना राग आला. ज्या पोरीला आत्ता कुठे वाचा फुटली, तिला परीक्षेला बसवायचं?

"परीक्षा तिची नाही, बाई," थेरपिस्ट म्हणाली. "आपल्या पद्धतीची आहे."

बाईंनी पाटी पिशवीत घातली. घरी सांगितलं की दोन वर्षांत त्या थेरपिस्टला जे जमलं नाही ते आपण दोन महिन्यांत केलं, म्हणून नाचता येईना अंगण वाकडं, अशातली गत आहे. आणि त्याच आठवड्यात पाटीवर आलं की मुंगीला केंद्रात कंटाळा येतो, तिला खऱ्या शाळेत जायचं आहे, बाकावर बसायचं आहे, वहीत लिहायचं आहे. मुंगीचं केंद्रात जाणं बंद झालं. भाऊ शाळांचे उंबरे झिजवायला लागला.

पुढच्या महिन्यात मुंगीने उजव्या गालावर मुठीने मारून घ्यायला सुरुवात केली. सदऱ्याची बाही चावून चावून भोकं पाडली. जेवण अर्ध्यावर सोडायची. बाईंनी तिला जवळ घेतलं, मनगट धरलं आणि विचारलं, बाळा, काय दुखतंय? पाटीवर आलं, 'मन दुखतं. मला शाळा मिळत नाही.' भावजयीच्या डोळ्यांना धार लागली. भाऊ दुसऱ्या दिवशी आणखी दोन शाळा फिरून आला. मुंगी गालावर मारतच राहिली. रोज संध्याकाळी बाई विचारायच्या, आणि रोज मनच दुखायचं.

बाराव्या दिवशी सकाळी तोंड धुवायला घेतलं तर गाल सुजून टणक झालेला, अंगात ताप. दाढ किडून तिच्या मुळाशी पू झाला होता. तोंड उघडू देईना म्हणून रुग्णालयात भूल देऊन दाढ काढावी लागली. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून दुखत होतं. भावजय म्हणाली, ती काही म्हणाली नाही. डॉक्टरांनी कागद पाहिले आणि शांतपणे म्हटलं की अशी मुलं म्हणत नाहीत, दाखवतात. गालावर मारत होती का?

बाई दाराबाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांना ते ऐकू आलं. त्यांनी आपला उजवा हात मांडीवर उपडा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. अडतीस वर्षांत त्या हाताबद्दल त्यांना कधी शंका आली नव्हती.

मुंगीला बरं वाटल्यावर त्या एकट्याच केंद्रात गेल्या. थेरपिस्टने 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. बाईंना वाटलं, म्हणाली असती तर सोपं झालं असतं. त्या म्हणाल्या की तुम्ही म्हणत होतात ते तपासून बघायचं आहे, आणि मला काही सूट देऊ नका.

तपासणी साधी होती. टेबलावर मधोमध फळी उभी केलेली, म्हणजे मुंगीला तिच्या बाजूचं चित्र दिसावं आणि बाईंना त्यांच्या बाजूचं. मागून केंद्रातली एक मदतनीस चित्रं बदलायची. कधी दोघींना एकच चित्र, कधी वेगवेगळं, कधी बाईंच्या बाजूला नुसता कोरा कागद. केव्हा काय, ते बाईंना कळायचा मार्ग नव्हता. वीस चित्रं झाली. बाईंनी हात इतका सैल ठेवला होता की खांदा दुखायला लागला. मुंगी पंख्याकडे बघत होती.

मग थेरपिस्टने कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि खुर्ची जरा मागे घेतली. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या तसा बाईंनी तो वरपासून खालपर्यंत तपासला, आणि बेरीज चुकली असेल म्हणून पुन्हा तपासला. चित्र एकच होतं तेव्हा सहाच्या सहा उत्तरं बरोबर. बाईंना कोरा कागद होता तेव्हा सहाही वेळा निरर्थक अक्षरं. आणि चित्रं वेगळी होती त्या आठ वेळा मुंगीसमोर चेंडू असताना पाटीवर 'घर', मुंगीसमोर कात्री असताना पाटीवर 'मासा'. आठही वेळा बाईंनी जे पाहिलं होतं तेच.

"म्हणजे तिचं एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. इथे बाईंच्या मनातलं दुसऱ्याच्या बोटातून उतरलं होतं, आणि बाईंना ते पोरीचं वाटलं होतं. त्यांनी कागद परत थेरपिस्टपुढे सरकवला. मग विचारलं, की मी इतके महिने खोटं बोलत होते का? थेरपिस्ट म्हणाली की खोटं बोलायला आधी आपण बोलतोय हे माहीत असावं लागतं. तुमचा हात शिकवून तयार झालेला आहे, एवढंच. आणि मुंगीला काही कळत नाही असा याचा अर्थ नाही. ती काय म्हणते ते आपल्याला अजून कळलेलं नाही, असा आहे.

घरी सांगायचं काम थेरपिस्टने करू का म्हणून विचारलं. बाई नको म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी भाऊ-भावजयीला टेबलाशी बसवलं आणि सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. भावाला ते पटलंच नाही. तो म्हणाला की ताई, एखाद्या दिवशी पोरीचं लक्ष नसेल. चाललंय ते चालू दे, कशाला मुळावर घाव घालतेस. भावजय मात्र उठली आणि वही घेऊन आली. एक पान उघडून तिने वाचलं, "'मला आईने केस विंचरलेले आवडतात.' हे कुणाचं?"

"माझं," बाई म्हणाल्या.

"'बाबा थकतात, त्यांना सांग बसायला.'"

"माझंच."

तिने पानं मागे उलटली. ते पान तिला शोधावं लागलं नाही. "आणि हातांचं?"

"तेही माझंच गं."

"मग तुम्ही तुमच्या तोंडाने का नाही म्हणालात?" भावजय म्हणाली. "मी ऐकलं असतं. पण हे मी तिचं म्हणून घेतलं, वन्सं. शीतगृहात उभी राहून रोज तेच आठवत होते. आता मी ते ठेवू कुठे?"

तिने वही मिटली आणि कपाटात कपड्यांच्या तळाशी ठेवून दिली. त्यानंतर तिचं बाईंशी बोलणं कामापुरतं उरलं. दूध आलं का, दार लावून घ्या, मुंगीचं औषध झालं. भांडण परवडलं असतं. घरात दोन माणसं एकमेकींना अडखळू नये म्हणून बाजू देत चालत होती.

मुंगी पुन्हा केंद्रात जायला लागली. थेरपिस्टने या वेळी बोलण्याच्या वाटेचा सगळ्यात पहिला तुकडा घेतला. चित्राचं कार्ड उचलायचं आणि समोरच्याच्या हातात द्यायचं, की ते चित्रातलं मिळतं. अक्षरं नाहीत, वाक्यं नाहीत. पण पोरीला जे खरोखर हवं असेल त्याचंच कार्ड पाहिजे. काय हवं असतं हिला? आईबापांना पटकन सांगता येईना. मन दुखतं ते माहीत होतं, आणि आवडतं काय ते माहीत नव्हतं. शेवटी आठ दिवस नुसतं बघितलं. भावाच्या लक्षात आलं की ती खाली आली की त्याची लोखंडी मोजपट्टी, म्हणजे टेप, खेचते, लांब करते आणि सोडते. पट्टी सर्रकन आत जाऊन खट् वाजली की तिचे खांदे खाली येतात, चेहरा निवांत होतो. मग एका जुन्या मोजपट्टीची धार चिकटपट्टीने झाकली आणि तिचं चित्र कार्डावर आलं.

घरी रोज वीस वेळा सराव करायचा होता, आणि त्याला दोन मोठी माणसं लागत. एक समोर बसणार, मोजपट्टी हातात धरून. ते 'काय हवं' म्हणून विचारणार नाही, नुसता तळहात पुढे करणार. दुसरं माणूस मुलीच्या मागे बसणार. त्याने बोलायचं नाही, खुणावायचं नाही. मुलगी स्वतः मोजपट्टीकडे हात लांबवेपर्यंत थांबायचं, आणि तिने हात लांबवला, की मगच तिचा हात कार्डाकडे नेऊन कार्ड समोरच्या तळहातावर ठेवायला मदत करायची. मग ही मदत दिवसागणिक कमी करत जायची, शेवटच्या टोकाकडून. आधी कार्ड सोडणं तिचं तिला करू द्यायचं, मग नेणं, मग उचलणं. प्रत्येक वेळची नोंद तीन रकान्यांत: पूर्ण मदत, थोडी मदत, मदत नाही.

समोर आई बसणार हे ठरलेलंच होतं. मागे कोण, म्हटल्यावर थेरपिस्टने बाईंकडे पाहिलं. भावजय म्हणाली, "तो हात मी आता पोरीला लावू देणार नाही."

बाईंनी मान खाली घातली.

मागे भाऊ बसायला लागला. त्याचे हात लाकडाला सरावलेले, आणि थांबणं त्याच्या रक्तात नाही. मुंगीने हात लांबवण्याआधीच तो तिचं मनगट उचलून कार्डाकडे नेई. तीनचार दिवसांत मुंगी मागून कुणी हलवेपर्यंत दगडासारखी बसून राहायला लागली. खालून गिऱ्हाईक हाका मारी, तो मध्येच उठून जाई. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी वीसच्या वीस खुणा पूर्ण मदतीच्याच रकान्यात होत्या. भावजय तो कागद पुढे घेऊन बराच वेळ बसली. मग बाईंच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"या, मागे बसा," ती म्हणाली. "पण मी बघणार आहे."

"बघच," बाई म्हणाल्या.

बाईंना वाटलं होतं, यात आपल्याला शिकण्यासारखं काय असणार. पण पहिल्याच दिवशी कळलं की हात धरण्यात त्या तरबेज होत्या, सोडण्यात नाही. वर्गात हात कधी सोडायचा हे मूलच सांगायचं. आपली मूठ झटकून पेन्सिल ओढून घ्यायचं. इथे त्यांनाच ठरवायचं होतं, आणि ते मोजून. मुंगी मोजपट्टीकडे बघायची, बोटं हलायची, आणि बाईंच्या अंगातून कळ उठायची की आता नेऊया. त्या मनातल्या मनात दहा आकडे मोजायच्या. कधी पंधरा. मुंगीचा हात पुढे झाला की मगच आपला हात तिच्या हाताखाली द्यायच्या. समोरून भावजय मुंगीपेक्षा त्यांच्याच बोटांकडे जास्त बघायची.

आठ दिवसांत कार्ड सोडणं मुंगी आपलं आपण करायला लागली. पंधराव्या दिवशी बाईंचा हात मनगटावरून कोपरावर आला. मग कोपराला नुसता स्पर्श. दर वेळी भावजयीच्या तळहातावर कार्ड टेकलं, की ती "टेप" म्हणून मोजपट्टी मुंगीच्या हातात द्यायची, मुंगी ती खेचायची आणि सोडायची. खट्.

मग एका दुपारी, सुट्टीचा दिवस होता, सरावाची अकरावी वेळ होती. बाईंनी हात मागे घेऊन मांडीवर ठेवले होते. मुंगीने हात लांबवला, मध्येच थांबली, पुन्हा हलली, कार्डावर बोटं टेकली, ते उचललं आणि आईच्या हातावर ठेवलं. "टेप," भावजय म्हणाली. तिने मोजपट्टी दिली आणि नवऱ्याला हाक मारली. तो जिन्यावरून दोनदोन पायऱ्या चढत आला. भावजय हसतही होती, डोळेही पुसत होती. तिने पेन्सिल उचलली आणि 'मदत नाही' या कोऱ्या रकान्याकडे नेली.

बाईंना त्या क्षणी काहीच म्हणायचं नव्हतं. भाऊ दारात उभा होता, भावजय कित्येक आठवड्यांनी हसली होती, आणि हसताना तिने बाईंकडेही पाहिलं होतं. गप्प बसलं असतं तर कुणाला कधी कळलं नसतं.

"तिथे नको लिहू," त्या म्हणाल्या. "थोडी मदत लिही."

"अहो, तुमचा हात मांडीवर होता. मी बघत होते."

"हात मांडीवरच होता. पण ती थांबली ना मधे, तेव्हा माझा गुडघा तिच्या खुर्चीला लागला. मी पुढे झाले होते. मला कळलंच नाही, लागल्यावर कळलं. त्यानंतर तिने उचललं."

भाऊ वैतागला. एवढ्या-तेवढ्याने काय होतं ताई, गुडघ्याने कुणी कार्ड उचलतं का, असं काहीसं तो म्हणाला. बाई म्हणाल्या की बोटानेही कुणी दुसऱ्याची वाक्यं लिहीत नाही, असंच मला वाटलं होतं.

भावजय पेन्सिल हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, पण जे आलं ते रागाचं नव्हतं. तिने पेन्सिल एक रकाना अलीकडे आणली आणि खूण केली. मग उठून मुंगीची खुर्ची वीतभर पुढे सरकवली, बाईंची वीतभर मागे, आणि परत जाऊन बसली.

"बारावी," ती म्हणाली.

बारावीला मुंगीने हात लांबवलाच नाही. तेरावीला लांबवला आणि मागे घेतला. पुढचे पाच दिवस रकाना कोराच राहिला. बाई आता दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायच्या. थेरपिस्ट घरी बघायला आली तेव्हा तिला हसू आवरेना. ती म्हणाली की मोठ्या माणसाला असं शिक्षा केल्यासारखं बसलेलं मी पहिल्यांदाच बघते. भावजय म्हणाली की आमच्याकडे पहिलीची शाळा भरते, वन्सं नव्याने भरती झाल्यात. बाईंनी हे ऐकलं आणि नजर न उचलता तशाच बसून राहिल्या. उगाच हललं तर रंगाचा बेरंग व्हायचा.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. बारा वेळा होऊन गेल्या होत्या. भावजयीच्या फोनची घंटा वाजली म्हणून ती उठून स्वयंपाकघरात गेली, मोजपट्टी तिच्या हातात तशीच. टेबलाशी मुंगी आणि तिच्या मागे बाई. बाईंना वाटलं आता सराव मोडला. मुंगी रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. मग तिने कार्ड उचललं. खुर्चीवरून उतरली. बाई उठल्या नाहीत, हाक मारली नाही. मुंगी नेहमीसारखी भिंतीला लागली, कपाटाला वळसा घातला, दाराच्या चौकटीशी थांबली, आणि आत गेली.

आत भावजयीचं बोलणं मध्येच तुटलं. मग "टेप" असं अगदी हळू, आणि त्यावर खट्.

बाई दोन खुर्च्यांच्या मागे एकट्याच बसल्या होत्या. मांडीखाली हातांना मुंग्या आल्या होत्या, तरी त्यांनी ते काढले नाहीत. भावजय बाहेर आली तेव्हा मुंगी तिच्या मागोमाग भिंतीच्या कडेने येत होती, मोजपट्टी खेचत, सोडत. भावजयीने टेबलावरचा कागद ओढला, पेन्सिल घेतली आणि शेवटच्या रकान्यावर टेकवून थांबली.

"वन्सं," तिने विचारलं, "लिहू ना?"

बाईंनी सगळं एकदा मनात तपासलं. आपले पाय कुठे होते, खुर्ची कुठे होती, नजर कुठे होती.

"लिही," त्या म्हणाल्या.